सूचना : स्पिनेकर हाताळणाऱ्या सर्वांसाठी

मागच्या शर्यतीत आपला स्पिनेकर (वारा मागून असताना बोटीच्या पुढे फुगणारं मोठं शीड) मधोमध पिळा घेऊनच वर गेला. चूक चढवताना नव्हे, पिशवीत भरताना झाली होती. यापुढे भरणाऱ्याने शिडाची एक कड वरच्या टोकापासून खालपर्यंत हातातून सरकवत न्यावी, मग दुसरी. तिन्ही टोकं पिशवीबाहेर दिसलीच पाहिजेत. घाई असली तरी.

ट्रिमरने (शिडाचा ताण सांभाळणाऱ्याने) नजर वाऱ्याकडच्या कडेवरून हलवू नये. कड किंचित दुमडेपर्यंत शीट (शिडाचं खालचं टोक ताणणारी दोरी) सोडायची, दुमडली की जराशी ओढायची. विंचवरच्या (दोर गुंडाळून ओढायच्या चरकीवरच्या) माणसाशी शब्द दोनच : ‘ओढ’, ‘थांब’. बाकी गप्पा किनाऱ्यावर.

शीट आणि गाय (नव्या मंडळींसाठी : ही पोलला, म्हणजे शीड बाहेर धरणाऱ्या दांड्याला, लागणारी दोरी, दूध देत नाही) यांच्या शेवटाला गाठ मारू नका. बोट फारच कलली तर दोर सुटून जाता आला पाहिजे.

उतरवण्याआधी हॅलयार्ड (शीड वर चढवणारा दोर) मोकळा करून ठेवा. खालच्याने शिडाचं टोक हातात घेऊन ‘धरलं’ म्हटल्याशिवाय तो सोडायचा नाही. नाहीतर शीड पाण्यात आणि आपण जागच्या जागी.

हातमोजे आणा. शनिवारी तासभर आधी या, पिशवी सगळ्यांसमोर भरू.