कूलर बंद करून ऐकवलेली गाणी

आदरणीय काकाजी,
सादर नमस्कार.

तुम्ही मुलीकडे पुण्याला गेलात त्याला या दिवाळीत वर्ष होईल. निघताना रेकॉर्डींची पेटी माझ्या हवाली केलीत आणि मी नुसतं "हो जी" म्हणून जिना चढलो. आभार मानायचे राहून गेले. आज ते सगळ्यांसमोर मानतो, म्हणजे त्या निमित्तानं जॉन प्राइन या अमेरिकन गायक-गीतकाराचं नाव आणखी चार जणांच्या कानावर पडेल. आपल्याकडे त्याला ओळखणारे फारच थोडे.

२००३ साली मी नागपूरला धरमपेठेत तुमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायला आलो, तेव्हा माझं इंग्रजी राहिलं होतं. तुम्ही व्याकरणाचं पुस्तक काढाल असं वाटलं होतं. तुम्ही कूलर बंद केलात. मे महिन्याची दुपार, बाहेर रस्ता तापलेला, आणि तुम्ही म्हणालात, "याच्या घरघरीत शब्द ऐकू येत नाहीत." मग तुमच्या भावानं शिकागोहून आणलेली १९७१ सालची ती पहिली रेकॉर्ड काढलीत. कव्हरवर गवताच्या गठ्ठ्यांवर बसलेला तरुण. "हा पोस्टमन होता. टपाल वाटता वाटता गाणी रचायचा."

दोन ओळी झाल्या की तुम्ही सुई उचलायचात. अर्थ मराठीत सांगायचात आणि सुई पुन्हा नेमकी तिथंच टेकवायचात, एक ओरखडा न पडू देता. 'हॅलो इन देअर'मधलं ते म्हातारं जोडपं, कोरियाच्या युद्धात गेलेला त्यांचा मुलगा. तिथं तुम्ही अर्थ सांगितला नाहीत, नुसते थांबलात. 'सॅम स्टोन'मध्ये युद्धावरून नशेची सवय घेऊन परतलेला सैनिक आहे, पण घरातला पैसा कुठं जातो ते त्याच्या लेकरांच्या नजरेतून कळतं. प्राइन उपदेश करत नाही. तो एक घर दाखवतो आणि बाजूला होतो. माझ्या मते गोष्ट सांगणाऱ्या गाण्यांत त्याच्या तोडीचा कोणी नाही.

आणि 'पॅराडाइज'. मुलगा बापाला म्हणतो, मला तुमच्या गावी न्या. बाप म्हणतो, उशीर झाला रे, कोळशाची गाडी ते घेऊन गेली. हे गाणं प्राइननं आपल्या वडिलांसाठी लिहिलं. त्याचे आईवडील मूळचे केंटकीतल्या म्युलेनबर्ग परगण्यातले. तिथलं पॅराडाइज हे गाव १९६७ साली उठलं. आजूबाजूची जमीन उघड्या खाणींनी खरवडली होती आणि शेजारच्या वीज केंद्राची राख घरांवर पडत होती. राख म्हणजे काय, हे आपल्या भागात कोणाला सांगावं लागत नाही.

तुम्हाला माहीत होतं, आमचं गाव उमरेडकडं खाणीत गेलं. बाबा त्याबद्दल कधी बोलत नसत. मोबदला किती मिळाला एवढंच घरात ठाऊक. तुमच्याच सांगण्यावरून त्या दिवाळीत मी रेकॉर्ड आणि तुमचा प्लेअर घरी नेला आणि तुमच्यासारखंच दोन-दोन ओळींनी अर्थ सांगत गेलो. बाबा खाली बघत ऐकत होते. शेवटी गाणारा मुलगाच म्हणतो, मी मेल्यावर माझी राख ग्रीन नदीत सोडा. तेव्हा बाबा म्हणाले, "आपल्या नाल्यात त पाणीच नाही राह्यलं." मग आमराई निघाली, मारुतीचा पार निघाला, ब्लास्टिंगनं भिंतीला गेलेली पहिली भेग निघाली. रात्री दोन वाजेपर्यंत ते बोलत होते. माझं गाव मला त्या रात्री कळलं. काकाजी, हे तुमच्यामुळे झालं.

इंग्रजीही निघालं पुढच्या परीक्षेत, ते वेगळं.

बाकीच्या रेकॉर्डी आणि सीड्या मी हळूहळू ऐकल्या. ग्रॅमी मिळालेला १९९१चा 'द मिसिंग इयर्स' तुमचा लाडका. मला मात्र १९९८ मध्ये मानेचा कर्करोग झाल्यानंतरचा त्याचा खोल गेलेला, खरखरीत आवाज जास्त जवळचा वाटतो, २०१८च्या 'द ट्री ऑफ फरगिव्हनेस'मधला. ७ एप्रिल २०२० ला तो कोरोनानं गेला, तेव्हा तुम्ही खालून हाक मारलीत आणि आपण जिन्यात अंतर ठेवून बसलो होतो.

पेटी उन्हापासून लांब, भिंतीला लागून ठेवली आहे. रेकॉर्डी उभ्याच ठेवतो, तुम्ही सांगितल्याप्रमाणे. बाबा आता बहात्तरचे आहेत, महिन्यातून एकदा तरी म्हणतात, "थे कोयशाच्या गाडीचं लाव." हिवाळ्यात तुम्ही याल तेव्हा त्यांना उमरेडहून घेऊन येतो. त्यांना तुम्हाला भेटायचं आहे.

तुमचा,
वरच्या खोलीतला