रुग्णवाहिका दारात अडकते तेव्हा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

जानेवारी २०१४ मध्ये ‘१०८’ रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. जीपमध्ये किंवा टेम्पोत, कुणाच्या तरी मांडीवर डोके ठेवून येणारे रुग्ण ऑक्सिजन लावून, सलाईन सुरू होऊन येऊ लागले. त्यांतले किती वाचले हे आम्ही कॅज्युअल्टीतल्या, म्हणजे रुग्णालयाच्या तातडीच्या विभागातल्या, परिचारिकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. त्यामुळे या सेवेविषयी माझी तक्रार नाही. गाडी आमच्या दारात पोहोचल्यानंतर जे घडते, त्याविषयी मी लिहीत आहे.

चालत आलेला रुग्ण बहुधा केसपेपर काढून बाकावर थांबू शकतो, परंतु रुग्णवाहिकेतून आलेल्या गंभीर रुग्णाला त्याच क्षणी डॉक्टर, दोन परिचारिका आणि एक ट्रॉली लागते. संध्याकाळी अपघातातला जखमी, साप चावलेला शेतकरी आणि ग्रामीण रुग्णालयातून पुढे पाठवलेली बाळंतीण अर्ध्या तासात दाखल होतात, तेव्हा आम्हाला मिळणारी पूर्वसूचना म्हणजे सायरनचा आवाज एवढीच असते. ट्रॉलीही रिकामी नसते, कारण सकाळी भरती झालेल्या रुग्णाला वॉर्डात खाट न मिळाल्याने तो दिवसभर तिच्यावरच असतो. मग नवा रुग्ण गाडीच्याच स्ट्रेचरवर राहतो, स्ट्रेचर सुटत नाही म्हणून गाडी सुटत नाही, आणि तेवढ्यात तालुक्यातून आलेल्या फोनसाठी लांबची गाडी निघते. म्हणजे वरच्या मजल्यावर न सुटलेली एक खाट तीस-चाळीस किलोमीटरवरच्या रुग्णाला थांबवून ठेवते. नुसत्या गाड्या वाढवल्या, तर त्या याच दारात रांगेत उभ्या राहतील.

रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका शेतमजुराला कोलकाता परिसरातल्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले होते. त्या पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितले, की खाट कुठे उपलब्ध आहे हे कळून रुग्णाला थेट तिथे नेता यावे यासाठी मध्यवर्ती संपर्कव्यवस्था असावी, आणि इतर राज्यांनीही त्या दिशेने पावले उचलावीत.

माझी विनंती तेवढीच आहे. गाडी निघतानाच तिच्यातल्या डॉक्टरने कॅज्युअल्टीला फोनवर रुग्णाची अवस्था कळवावी. वॉर्डातल्या रिकाम्या खाटांची नोंद दर दोन तासांनी १०८ च्या नियंत्रण कक्षाला मिळावी. आणि डिस्चार्जचे कागद दुपारी बारापूर्वी पूर्ण करण्याची जबाबदारी एका अधिकाऱ्यावर नावानिशी टाकावी. यासाठी नवी इमारत लागत नाही. एका जिल्ह्यात तीन महिने करून पाहावे, आणि त्या काळात प्रत्येक गाडी दारात किती मिनिटे थांबली याची नोंद प्रसिद्ध करावी.

आपली,
एक अधिपरिचारिका