मेंढरं मेल्याची बातमी आतल्या पानावर तरी द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी आटपाडी तालुक्यातला, हायस्कूलला विज्ञान शिकवतो आणि घरी थोरल्या भावाकडं शंभरेक मेंढरं आहेत. मध्यंतरी आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरत होता की जनावरांचा नवीन रोग आलाय तो परदेशातनं मुद्दाम सोडलाय, जैविक हल्ला आहे वगैरे, खाली ना नाव ना तारीख. वर्गात पोरांनी विचारलं सर खरंय का, मी सांगितलं असं काही नाही, पण मग एका पोरीनं विचारलं की सर, उद्या कुणी खरंच असं केलं तर त्याच्यावर लक्ष कोण ठेवतं? तिला नीट उत्तर द्यायचं म्हणून वाचायला बसलो आणि त्यातनंच हे पत्र लिहितोय.

जैविक शस्त्रांवर बंदी घालणारा करार १९७२ ला झाला, १९७५ पासून लागू आहे, भारतासकट १८० हून जास्त देश त्यात आहेत. पण तपासणीची सोयच त्यात नाही. रासायनिक शस्त्रांसाठी हेगला मोठी संस्था आहे, तिचे निरीक्षक कारखान्यात जाऊन बघतात, इकडं मात्र जिनिव्हात एक छोटं ऑफिस आणि बोटावर मोजण्याइतकी माणसं. तपासणीचा मसुदा करायला सगळे देश कित्येक वर्षं बसले होते, २००१ ला अमेरिकेनं नको म्हटलं आणि ते बारगळलं. राहिला काय तर एक फॉर्म, दरवर्षी १५ एप्रिलपर्यंत प्रत्येक देशानं भरून द्यायचा, की आमच्याकडं अशा अशा लॅब आहेत, कुठं वेगळी साथ आली होती का. तोही बरेच देश भरत नाहीत, आणि जे भरतात त्यातले काही देशच तो लोकांना बघू देतात.

मग लक्ष ठेवलं ते सरकारबाहेरच्या लोकांनी. २००१ च्या त्या फजितीनंतर काही संस्थांनी मिळून बायोवेपन्स प्रिव्हेन्शन प्रोजेक्ट उभा केला, देशोदेशीचे उघड कागद आणि शोधनिबंध चाळून कुठं काय चाललंय ते छापायचं असं काम, त्यांच्या अहवालात भारतावरही प्रकरण आलंय. प्रोमेड म्हणून ईमेलवर रोगांच्या बातम्या कळवायची सोय १९९४ ला शास्त्रज्ञांनी सुरू केली, २००३ ला चीनमधल्या सार्स या श्वासाच्या रोगाची खबर जगाला तिथनं लवकर लागली. १९९४ म्हणजे तेच साल, सुरतेत प्लेग आला तेव्हाचं. आमच्या वयाच्या लोकांना आठवत असेल, टेट्रासायक्लिनच्या गोळ्या मेडिकलमधनं गायब झालेल्या आणि तेव्हाही कुणीतरी जंतू सोडले अशी आवई उठलेलीच.

पण साहेब, मला सगळ्यात भिडली ती स्वेर्दलोव्स्कची गोष्ट. रशियातलं शहर, एप्रिल १९७९. अचानक माणसं तापानं मरायला लागली, कमीत कमी ६६ गेली. रोग अँथ्रॅक्स, म्हणजे आपली फाशी, कुणी काळपुळी म्हणतं. सरकारनं सांगितलं रोगट मटण खाल्ल्यानं झालं. तिथल्या फायना अब्रामोवा आणि लेव्ह ग्रिनबर्ग या दोन डॉक्टरांनी शवविच्छेदनातले नमुने लपवून ठेवले, वरून कागद काढून नेले तरी नमुने टिकले. पुढं १९९२ ला अमेरिकेतनं मॅथ्यू मेसेल्सन यांची टीम गेली, त्यात जीन गिलमिन नावाच्या बाई होत्या, त्या घरोघरी गेल्या, मेलेला माणूस त्या दिवशी कुठं होता, कामाला कुठं जायचा, सगळं विचारत बसल्या. सगळी ठिकाणं नकाशावर मांडली तर ती लष्कराच्या लॅबपासून वाऱ्याच्या दिशेनं एका सरळ पट्ट्यात आली. आणि तोच पट्टा पुढं ५० किलोमीटरपर्यंत ज्या गावांतनं गेला तिथं मेंढरं मेलेली. म्हणजे जंतू लॅबमधनं वाऱ्यावर सुटले होते, मटणाची गोष्ट तिथंच संपली. हे वाचताना माझ्या डोळ्यापुढं आमचा वाडाच आला, कारण कुठलं मेंढरू कुठल्या रानात कधी मेलं हे आमच्या भावाला दहा वर्षांनी विचारलं तरी सांगतो.

फाशी आपल्याकडं आधीपासनंच आहे, मातीत वर्षानुवर्षं राहते, त्यात हल्ला बिल्ला काही नाही. पण दरवर्षी कुठं किती जनावरं जातात याची नोंदच नसेल तर यंदाचं वेगळं आहे का नेहमीचंच, हे ठरवणार कशावरनं? मागं आमच्या शेजारच्या वस्तीवर दोन दिवसात अकरा मेंढरं गेली, नाकातनं रक्त आलेलं. एकानं ते कापायला घेतलं होतं, मी धावत जाऊन थांबवलं, कारण फाशीचं जनावर फाडलं की जंतू बाहेर पडून मातीत पसरतात, खोल खड्डा काढून चुना टाकून पुरायला लागतं. नमुने नेले, पण रिपोर्ट काय आला ते वस्तीवर आजतागायत कुणाला कळलं नाही, आणि पेपरात एक ओळ नाही. त्या मोकळ्या जागेत व्हॉट्सॲप घुसतं.

२०२२ ला लम्पी आली तेव्हा तुम्ही रोज आकडे छापले, बाजार कुठले बंद ते छापलं, त्याचा शेतकऱ्याला खूप उपयोग झाला. तसंच एरवीही करा एवढंच मागणं आहे. जनावरं मेली की छापा, आणि महिन्यानं तपासणीत काय निघालं तेही छापा, फाशी निघाली तर फाशी, विषबाधा निघाली तर विषबाधा. आपल्या खासदारांनाही एकदा विचारा की भारत तो १५ एप्रिलचा फॉर्म भरतो त्यातलं लोकांना किती बघता येतं. आणि तुमच्या आटपाडीच्या बातमीदाराचा नंबर मेंढपाळांकडं नाही, तो पेपरात ठळक छापा, दिवाळीनंतर वाडे कोकणाकडं चरायला निघायच्या आत छापलात तर बरं होईल.

आपला,
आटपाडी तालुक्यातला एक वाचक