काही न सांगता गिट काय करतं, ते पण छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या करिअर पुरवणीत मध्यंतरी मुलांनी गिट (कोडमधल्या बदलांचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर) शिकावं म्हणून लेख आला होता, चांगला होता, घणसोलीच्या ऑफिसात डबा खाताना आम्ही चौघांनी वाचला. त्यात एक ओळ होती की एका प्रोजेक्टच्या आत दुसरा ठेवायचा असेल तर सबमॉड्यूल वापरा. झालं, पुढे काही नाही. आणि नेमका तिथेच आमच्याकडे गेल्या महिन्यात घोळ झाला म्हणून हे पत्र.

सबमॉड्यूल म्हणजे काय, तर सोसायटीच्या फाईलीत शेरा असतो ना, 'पाणीपट्टीसाठी फाईल क्र. १४ बघा', तसं. मोठ्या फाईलीची झेरॉक्स काढली तर नुसता शेरा येतो, १४ नंबरची फाईल काही सोबत येत नाही. बाहेरच्या रेपोत (रेपो म्हणजे गिटने सांभाळलेला प्रोजेक्ट) आतल्याचा कोड नसतोच, तो कुठल्या कमिटवर (कमिट म्हणजे नोंदवून ठेवलेला एक टप्पा) ठेवायचा तेवढी नोंद असते. म्हणून साधं गिट क्लोन मारलं, म्हणजे रेपोची प्रत उतरवली, की आतलं फोल्डर रिकामं दिसतं, रिकर्स-सबमॉड्यूल्स असं वेगळं सांगावं लागतं. हे एक वेळ ठीक आहे, रिकामं फोल्डर डोळ्याला दिसतं, बिल्ड (कोडपासून प्रोग्राम तयार करणं) लगेच बोंबलतो आणि माणूस शोधाशोध करतो.

खरी गंमत पुलमध्ये आहे. आमच्याकडे एक नवीन मुलगी लागलीय, कळव्याहून ठाण्याला गाडी बदलून येते, कामाला एकदम चोख. तिने सकाळी गिट पुल केलं, म्हणजे इतरांचे नवे बदल आपल्याकडे ओढले. पुलच्या पोटात आधी फेच असतं (नवे कमिट नुसते आणून ठेवणं), आणि फेचचं सबमॉड्यूलसाठीचं डिफॉल्ट, म्हणजे आपण काही न सांगता धरलं जातं ते, 'ऑन-डिमांड' आहे, म्हणजे बाहेरच्या रेपोत शेरा बदललेला दिसला की आतल्या रेपोचे नवे कमिट पण ते आणून ठेवतं. पण आतल्या फाईली बदलत नाही! सामान घरात आलं पण पिशवीतच राहिलं, असं समजा. मग काय बदललंय ते दाखवणारं स्टेटस बघितलं तर लाल अक्षरात मॉडिफाईड, पुढे सबमॉड्यूलचं नाव आणि कंसात 'न्यू कमिट्स'. आता मला सांगा, हे वाचून कोणाला वाटेल की आपल्याकडचं जुनं आहे? तिला वाटलं काहीतरी नवीन आलंय, तिने स्वतःच्या बदलाबरोबर कमिट हायफन ए (बदललेलं दिसतंय ते सगळं एकदम नोंदव) करून टाकलं, आणि शेरा परत जुन्या कमिटवर गेला. त्या आतल्या रेपोत बिलाच्या राउंडिंगचा फिक्स होता, तो गायब. दोन दिवस आम्ही राउंडिंगचाच कोड वाचत बसलो जो मुळात बरोबरच होता. बोलणी बिचारीने खाल्ली, चूक माझी धरा, पुलनंतर सबमॉड्यूल अपडेट चालवायचं हे मीच तिला सांगितलं नव्हतं.

मग मी शहाणपणा करून सगळ्यांना सबमॉड्यूल-डॉट-रिकर्स हे सेटिंग ट्रू करायला लावलं, म्हणजे कमांडनी न सांगता आतल्या रेपोकडेही बघावं. डिफॉल्ट फॉल्स असतं ते, आणि रेपोबरोबर येत नाही, ज्याने त्याने आपापल्या लॅपटॉपवर लावायचं. पुल सुधारलं, स्विच (कोडच्या दुसऱ्या शाखेवर जाणं) सुधारलं. पुढच्या आठवड्यात नवीन लॅपटॉप आला, सेटिंग आधी लावलं, मग क्लोन केलं, तरी आतलं फोल्डर रिकामं. कारण हे सेटिंग क्लोनला लागूच होत नाही! डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेलं आहे हो, मीच वाचलं नव्हतं.

पण हे सगळं तिथेही पहिल्यापासून इतकं उलगडून नव्हतं. 'ज्या कमांडना रिकर्स-सबमॉड्यूल्स हा ऑप्शन आहे त्या सगळ्यांना लागू, क्लोन सोडून' असं मोघम होतं, आता त्या कुठल्या ते ज्याने त्याने हुडकायचं. म्हणजे इंडिकेटरवर नुसतं 'फास्ट' लागावं आणि कुठे थांबणार ते नाहीच, आमच्या कळवेकरांना ते पाठ असतं पण नवीन माणूस चढतो आणि डोंबिवलीला उतरतो. २०२० साली तिथे कमांडची यादी घातली, चेकआउट, फेच, ग्रेप, पुल, पुश वगैरे. फेच आणि पुशच्या (पुश म्हणजे आपले कमिट सर्व्हरवर ढकलणं) स्वतंत्र सेटिंगांचं पण स्पष्ट केलं, की काहीच लावलं नसेल तर फेच ऑन-डिमांड आणि पुश 'नो', पण सबमॉड्यूल-डॉट-रिकर्स लावलं असेल तर ते धरलं जातं. पुशचं हे 'नो' मला पूर्वी एकदा भोवलंय, बाहेरचा रेपो ढकलला आणि आतला कमिट माझ्याच लॅपटॉपवर, समोरच्याला 'नॉट अवर रेफ', म्हणजे असा कमिट इथे नाहीच, असा एरर आणि मी घरी जेवायला बसलेलो.

कोणीतरी बसून ती चार वाक्यं सरळ केली, कोडची एक ओळ न बदलता, आणि मला हे नवीन फीचरपेक्षा मोठं काम वाटतं. आपल्याकडे मराठीत टेक्निकल लिहिताना 'हे वापरा' एवढंच सांगतात, आपण काहीच नाही सांगितलं तर काय होतं आणि कुठे ते लागू नाही, हे कोणी लिहीत नाही. तर पुरवणीत गिटचा पुढचा भाग येणार असेल तर लेखकांना एवढा निरोप द्या, कमांडच्या शेजारी तिचं डिफॉल्ट छापा, जागा कमी पडली तर माझं पत्र गाळा चालेल.

आपला,
एक वाचक, ठाणे