पांडवकड्याच्या फलकावर पाण्याची चालही लिहा

महोदय,

पावसाळा आला की नायगारावरून पिंपात बसून झेप घेणाऱ्यांचे व्हिडिओ फिरू लागतात आणि नवी मुंबईत खारघरच्या पांडवकडा धबधब्याकडे बंदी असूनही पोरांची रीघ लागते. 1901 मध्ये ॲनी टेलर पिंपातून वाचल्या, एवढेच सगळ्यांना ठाऊक असते. 1920 मध्ये चार्ल्स स्टीफन्सने पायांना ऐरण बांधली होती; पिंप आदळताच ती तळ फोडून त्याला घेऊन गेली, हाती लागला फक्त एक हात. 1930 मध्ये जॉर्ज स्टॅथाकिसचे पिंप धबधब्यामागे अडकले आणि तो आत गुदमरून गेला.

शिवाय नायगाराचे पाणी 1950 च्या करारानुसार मोजून सोडतात : पर्यटन हंगामात दिवसा सेकंदाला किमान एक लाख घनफूट, एरवी पन्नास हजार. आपल्या ओढ्यांना असे वेळापत्रक नाही. खाली ऊन असले तरी माथ्यावर जोराची सर आली की काही मिनिटांत लोंढा येतो. नितळ पाणी मातकट होणे, काटक्या-पालापाचोळा वाहत येणे, आवाज घुमू लागणे, यांपैकी एक जरी दिसले तरी त्याच क्षणी काठ चढायचा. चपला, मोबाइल गोळा करत बसायचे नाही.

पाण्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, म्हणून गुडघाभर पाणीही माणसाला आडवे करते. हात धरून साखळी केली तर एकाचा पाय सुटताच बाकीचे ओढले जातात. 30 जून 2024 रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागे एकमेकांना घट्ट धरून उभ्या असलेल्या कुटुंबातले पाच जण गेले. पांडवकड्यानेही ऑगस्ट 2019 मध्ये चार विद्यार्थिनी गमावल्या आहेत.

पलीकडच्या काठावर अडकलात तर थांबा. पाणलोट लहान असल्याने पाऊस ओसरला की असे ओढे बहुधा काही तासांत उतरतात. घात होतो तो परतण्याच्या घाईत. वाहून जाऊ लागलात तर उभे राहू नका, पाय खडकात अडकून प्रवाह तोंडावर येतो. पाठीवर तरंगा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवा. वाचवणाऱ्याने दोर कमरेला गाठ मारून बांधून पाण्यात उतरू नये. ताणलेला दोर त्यालाच पाण्याखाली दाबतो.

बंदीच्या फलकाखाली वनविभागाने एवढा मजकूर लिहावा, ओढ्यातल्या खडकावर धोक्याच्या पातळीची लाल रेघ मारावी आणि पहारेकऱ्याजवळ वीस मीटरचा तरंगणारा फेकदोर ठेवावा.

– डोंगर-बचावाचे काम करणारे काही खारघरकर