नौपाड्यातल्या बेकिंग सामानवाल्या दादांना मनापासून थँक्यू

दादा, नमस्कार. राखीच्या आधीची गर्दी, बाहेर धो धो पाऊस, तुमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नाही आणि मी लांबलचक यादी घेऊन उभी, मोल्ड, थर्मामीटर, कंपाउंडचा (कोको बटरऐवजी दुसरं फॅट घातलेल्या चॉकलेटचा) मोठा स्लॅब, सगळं त्यात. तुम्ही यादी वाचलीत आणि विचारलंत, "ताई, करायचंय काय नक्की?" ट्रफल, म्हणजे चॉकलेट-क्रीमचे मऊ गोळे, म्हटल्यावर त्यातलं बरंचसं सामान तुम्ही स्वतःच बाजूला काढून ठेवलंत. स्वतःचा गल्ला कमी करून गिऱ्हाइकाला शिकवत बसणारा दुकानदार हल्ली भेटतो कुठे, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

आधी तुम्ही दोन पाकिटं उलटी करून मागचं बारीक अक्षरातलं वाचायला लावलंत. एकावर कोको बटर, दुसऱ्यावर हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट. म्हणालात, कोको बटर 34 डिग्रीच्या आसपास वितळतं आणि आपलं अंग 37, म्हणून खरं चॉकलेट जिभेवर ठेवलं की विरघळतं, कंपाउंड दिसतं तसंच पण तोंडात मेणचट थर राहतो. ट्रफलमध्ये चॉकलेट आणि क्रीम सोडून असतंच काय, मग तिथे कशाला वाचवायचं! हे इतकं पटलं ना मला.

थर्मामीटर का नको तेही सांगितलंत. वरून चॉकलेटचं चकचकीत कवच द्यायचं तर टेम्परिंग आलं, म्हणजे चॉकलेट चकचकीत सेट व्हावं म्हणून तापमान सांभाळत वितळवणं, डार्क चॉकलेट 31-32 डिग्रीला धरून ठेवायचं, आणि ठाण्यात ऑगस्टमध्ये एसी नसलेल्या किचनमध्ये ते नीट सेट होणं कठीण. "कोको पावडरमध्ये घोळवा, तेही ट्रफलच," म्हणालात आणि पन्नास ग्रॅमचं छोटं पाकीट दिलंत.

घरी सगळं तुमच्या शब्दाप्रमाणे केलं, कप बाजूला ठेवून वजनाने, 200 ग्रॅम डार्क, 100 ग्रॅम क्रीम. आपलं पाकिटातलं क्रीम 25 टक्के फॅटचं, ते खळखळ उकळू द्यायचं नाही, कडेला बुडबुडे आले की लगेच बारीक चिरलेल्या चॉकलेटवर ओतायचं आणि दोन मिनिटं हात लावायचा नाही. मग भांड्याच्या मध्यापासून ढवळायला घ्यायचं. आधी पांढरट, फाटल्यासारखं दिसतं, मग बरोबर मधोमध एक काळाभोर चमकदार ठिपका तयार होतो आणि ढवळता ढवळता तो मोठा मोठा होत कडेपर्यंत जातो. आई बघायला आली ती तिथेच उभी राहिली. मिश्रण घट्ट झाल्यावर गोळे वळताना हात गार पाण्यात बुडवून अगदी कोरडे पुसायचे हेही लक्षात होतं, कारण वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचा थेंब पडला तरी ते आळून रवाळ होतं असं तुम्ही बजावलं होतंत.

माझा भाऊ श्रावण पाळतो, त्यामुळे अंड्याचा केक बाद, आणि राहतो नेरूळला. ट्रान्स हार्बर लोकलच्या गर्दीत हे कसं न्यायचं ही माझी खरी काळजी होती, पण स्टीलचा डबा, रुमालात गुंडाळलेला आइसपॅक आणि पोचल्यावर डबा लगेच उघडायचा नाही हा तुमचा सल्ला, नाहीतर दमट हवेचं पाणी थंड ट्रफलवर धरतं आणि कोको पावडर चिकट होते. एकही बिघडला नाही दादा! भावाने पहिला तोंडात टाकला आणि काही न बोलता डबा स्वतःकडे ओढून घेतला. त्याच्या लेकीने बोटांची कोको पावडर सुद्धा सोडली नाही.

तुमच्यासाठी एक डबा काल काउंटरवरच्या मुलाकडे दिलाय, तुम्ही मार्केटला गेला होतात. आत क्रीम आहे तेव्हा फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा, खायच्या आधी पंधरा मिनिटं बाहेर काढा. आणि दिवाळीसाठी तोच डार्क स्लॅब माझ्या नावाने बाजूला ठेवाल का, यावेळी भाजलेले काजू घालून करणार आहे.