मसाल्याविना मटण

जर्सी सिटी,
रविवार

प्रिय पक्या,

तुझा व्हॉइस मेसेज भाच्याला ऐकवला, तो अजून हसतोय. "नुसतं मीठ-मिरी लावून भाजलेल्या तुकड्याला एवढे डॉलर? तेवढ्यात अख्खी तालीम जेवली असती की लेका!" फोनवर उत्तर द्यायला गेलो तर तू दुसऱ्या वाक्याला तोडशील, म्हणून लिहूनच काढतो. शांतपणे वाच.

आधी एक गोष्ट. गोमांस मी खात नाही आणि इथली स्टेकहाउसं, म्हणजे मांसाचे जाड तुकडे भाजून देणारी हॉटेलं, त्याच्यावरच चालतात. त्यामुळे भाच्याने जेवायला न्यायचं काढलं तेव्हा मी टाळत होतो. तो म्हणाला, मामा, जिथे नेतोय तिथलं नाव झालंय ते मटणावरच. मग काय, तयार झालो.

जागेचं नाव कीन्स. मॅनहॅटनमध्ये छत्तिसाव्या रस्त्यावर, मेसीज या भल्यामोठ्या दुकानापासून चालत पाच मिनिटं. सुरुवात 1885 ची, म्हणजे आपलं फर्ग्युसन कॉलेज निघालं त्याच सालची. तेव्हा हा सगळा नाटकवाल्यांचा भाग होता. लँब्स नावाचा नटांचा एक क्लब होता, त्याची व्यवस्था बघणाऱ्या आल्बर्ट कीनने हे हॉटेल स्वतंत्रपणे काढलं. मागच्या बाजूला गॅरिक थिएटर होतं. दोन अंकांच्या मधे नट मागच्या दाराने, तोंडावरच्या रंगासकट आत येऊन चार घास खाऊन जात, असं सांगतात. आपल्याकडे प्रयोगाच्या मध्यंतरात बटाटेवडा, यांच्याकडे मटणाचा चाप! पुढे थिएटरं तिथून हलली. हे हॉटेल मात्र जागचं हललं नाही.

आत शिरलास की पहिल्यांदा मान वर करशील. सगळ्या छताला पांढऱ्या मातीचे, चिलमीसारखे तंबाखूचे पाइप टांगलेत. हातभर लांब, काडीएवढी बारीक नळी आणि टोकाला इवलीशी वाटी. शेजारी शेजारी, ओळीने, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत. गोठ्याच्या आढ्याला मक्याची कणसं बांधावीत तसे. धुराने आणि वयाने पिवळट पडलेत. पूर्वी इंग्लंडात लोक आपला पाइप नेहमीच्या खानावळीतच ठेवून जायचे, कारण एवढी नाजूक वस्तू घोड्यावरून नेली तर मोडणार. तीच पद्धत इथे आणली. पाइप हॉलंडहून यायचे. प्रत्येकाची नोंद ठेवायला एक माणूस आणि टेबलावर आणून द्यायला पोरं. असे पाइप ठेवणारे नोंदलेले सभासद नव्वद हजारांच्या वर गेले म्हणे. थिओडोर रूझवेल्ट, बेसबॉलचा बेब रूथ आणि आइन्स्टाइनसुद्धा त्यात आहेत! आता न्यूयॉर्कात हॉटेलात ओढायला बंदी आहे, त्यामुळे पाइप फक्त वर बघायचे.

एका खोलीत अब्राहम लिंकनचं राज्य आहे. 14 एप्रिल 1865 ला फोर्ड थिएटरात त्याला गोळी घातली, त्या रात्रीच्या नाटकाचं हस्तपत्रक तिथे चौकटीत लावलंय. लिंकनच्या हातात होतं ते हेच, असं हॉटेलवाले सांगतात. खरं-खोटं मी कशाला करू? पण मी चष्मा चढवून बराच वेळ त्याच्यासमोर उभा होतो आणि वेटरला दोनदा बाजूने जावं लागलं, एवढं खरं.

हिला मात्र लिली लँग्ट्रीबाईंची गोष्ट आवडली. लँग्ट्री म्हणजे इंग्लंडची नटी, तिथल्या राजाची मैत्रीण. 1905 मध्ये तिला इथे जेवायला घेईनात, कारण जागा फक्त पुरुषांची. बाईने सरळ कोर्टात खेचलं आणि जिंकली. मग गळ्यात बोआ, म्हणजे पिसांचा लांब गळपट्टा, घालून थाटात आली आणि मटण चॉप मागवला. आता एका खोलीला तिचं नाव आहे. ते ऐकल्यावर ही उगाचच ताठ बसून जेवली. जेवली काय तर पालक आणि बटाटा. पण थाट लँग्ट्रीबाईंचा!

आता तुझ्या मुद्द्यावर येतो. आपला खाटीक चाप तोडतो तो बरगडीचा, बोटभर जाडीचा. इथे पाठीचा भाग कण्यासकट आडवा कापतात. मधे हाड, दोन्हीकडे गोल मांस आणि बाजूला चरबीचे दोन पट्टे पंखांसारखे वळलेले. जाडी चांगली दोन इंच. एका माणसाच्या ताटात हे येतं! नावाला मटण, हल्ली वापरतात ते कमी वयाचं मेंढरू, लॅम्बच म्हण. त्यामुळे जून मेंढीचा तो वास मला लागला नाही. चरबीचा पट्टा बाहेरून पापडासारखा कुरकुरीत आणि आत लोण्यासारखा. हाडाजवळचं मांस मी शेवटी हातानेच खाल्लं. भाचा इकडेतिकडे बघायला लागला, पण शेजारच्या टेबलावरचे गोरे आजोबाही तेच करत होते.

आणि मसाला? नाहीच. मीठ, मिरी, आग. पण लेका, कसब दुसरीकडे असतं. भाच्याने बीफचा पोर्टरहाउस नावाचा जाड तुकडा घेतला होता. मधल्या हाडाच्या एका अंगाला घट्ट मांस, दुसऱ्या अंगाला लुसलुशीत. असलं मांस इथे आधी थंड खोलीत, गोठण्याच्या जरा वर, कित्येक आठवडे उघडं टांगून ठेवतात. पाणी उडतं, चव एकवटते, मांसातलीच द्रव्यं त्याचे धागे सैल करतात. वरचा वाळका थर कापून फेकायचा. म्हणजे वजन घटलं, जागा अडली, महिना गेला. बिलात ते सगळं येतं. आपण पपई नि दही लावून तासाभरात जे साधतो ते हे थंडीवर आणि वेळेवर सोडतात. भाजल्यावरही लगेच कापत नाहीत, थोडं निवू देतात, नाहीतर रस ताटात वाहून जातो. त्या लाल पाण्याला तू रक्त म्हणशील. ते रक्त नाही. मांसातलंच रंगीत प्रथिन आहे, पाण्यात उतरलेलं.

माझं मत विचारशील तर रोज असलं जेवण मला चालायचं नाही. पाचव्या घासाला जीभ तांबड्या रश्श्याकडे धावली, खोटं कशाला बोलू. पण मसाला काढून घेतला की मांसात काही उरत नाही, हे तुझं म्हणणं मी इथून पुढे ऐकून घेणार नाही. आपण मांस रश्श्यासाठी शिजवतो, हे मांसासाठी मांस भाजतात. दोन्ही करायला हात लागतो.

बिल भाच्याने दिलं आणि मला दाखवलं नाही. वर वीस टक्के टिप, ती इथे ठेवावीच लागते. तू पुढच्या वर्षी येणार असशील तर टेबल आधी सांगून ठेवू आणि चॉप दोघांत एकच घेऊ. वहिनींना माझा नमस्कार सांग. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं का, ते मात्र लगेच कळव.

तुझा,
संज्या